उजळून ठेवलेला चेहरा

मी चेहऱ्याला लावायच्या रंगाची कांडी बोलतेय. फाउंडेशन स्टिक म्हणा हवं तर. खालून फिरवलं की वर येते आणि अंगावर चिठ्ठी चिकटलेली आहे : 'फक्त वापरून पाहण्यासाठी'. म्हणजे हात सगळ्यांनी लावायचा, घरी कुणी न्यायचं नाही.

कारखान्यात आम्ही सहा बहिणी सारख्याच साच्यातून निघालो. मेण तेच, तेल तेच, फरक फक्त रंगाच्या पुडीचा. थोरलीचं नाव मोती, पाठचीचं चांदणी. माझ्यापर्यंत येईतो नावं संपली असावीत, माझ्यावर नुसतं 'गडद' छापलं. फिलिपिन्समधल्या बाकोलोद शहरातल्या एका मॉलमध्ये आम्हाला ओळीनं उभं केलं. बाकीच्यांच्या मागे खोक्यांची चळत होती, माझ्या मागे काहीच नव्हतं. मला विकायला आणलंच नव्हतं. ओळ पुरी दिसावी म्हणून आणलं होतं.

इथली निम्मीअधिक माणसं माझ्या रंगाची. पण काउंटरशी आली की हात जायचा मोतीकडे. मनगटावर रेघ ओढायची, ती चुन्यासारखी वेगळी दिसली तरी म्हणायचं, छान बसतोय. कॉलेजच्या मुली तर फुकटात अख्खा चेहरा रंगवून फिरायला जायच्या. माझी आठवण कधी? शाळेच्या नाटकात कुणाला चोर व्हायचं असलं की. चीड यायची मला. पण कांडीनं चिडून करायचं काय? टोपणाखाली बसून राहायचं.

काउंटर रोवेलिन सांभाळायची. बडबडी पोरगी, मनानं चांगली. तीही सावळीच, पण नोकरीच्या नियमाप्रमाणे तिला चांदणी थापावी लागे. त्यामुळे तिचा चेहरा एका रंगाचा आणि मान दुसऱ्या.

एका दुपारी काळ्या कपड्यातली एक बाई आली. तिचं नाव पुरिंग. रोवेलिननं सवयीनं मोती पुढे केली.

"हा लावून बघा मावशी, दहा वर्षांनी तरुण दिसाल."

"मला नको. लेकीसाठी हवाय."

"मग तर हाच घ्या. चेहरा उजळेल तिचा."

"उजळून ठेवलाय त्यांनी," पुरिंग म्हणाली. "घरी पेटीत आहे ती. उद्या पुरायचंय."

रोवेलिनचा हात तिथंच थांबला. मग पुरिंगनं सगळं सांगितलं. अनालिन एकोणीस वर्षांची, तापानं गेली. प्रेत सजवणाऱ्या माणसानं तिला पांढरीफटक करून पाठवलं. येणारे-जाणारे पेटीच्या काचेवर वाकून कौतुक करत होते, काय गोरी दिसतेय म्हणून.

"माझ्या घरात कुणाची तरी परकी पोर निजलीय गं," ती म्हणाली. "मला माझी हवीय."

तिनं बाही वर केली. रोवेलिननं एकेका बहिणीची रेघ ओढली, प्रत्येक रेघ हातावर उठून दिसली. शेवटी माझी पाळी आली. माझी रेघ ओढली आणि दिसेना. पुरिंग ती बोटानं चाचपत राहिली.

"हीच. माझाच रंग घेतला होता तिनं. गोरं करणाऱ्या पपईच्या साबणानं घासून घासून पोरीचं कातडं सोललं मी. तेव्हा कळलं नाही."

या रंगाचा माल नाही आणि वापरून पाहायची कांडी विकता येत नाही, हे रोवेलिननं सांगितलं. सांगता सांगताच इकडेतिकडे बघून तिनं मला पुरिंगच्या पिशवीत सोडलं.

"चोरीला जातात कांड्या, मावशी. गेल्या महिन्यात आमचा आरसा गेला. निघा तुम्ही."

पुरिंगच्या अंगणात प्रेताच्या सोबतीला जागणारी माणसं रिवाजाप्रमाणे पत्ते खेळत होती, कॉफी आणि बिस्किटं फिरत होती. तिनं काच उचलून घेतली, ओल्या फडक्यानं तो पांढरा थर पुसला आणि मला कपाळावर, गालांवर, नाकावर हळूहळू फिरवलं. थंड कातडीवर मी पसरत नव्हते, तरी तिनं जोर केला नाही. आणि अनालिन आली. इतके चेहरे पाहिले मी, पण माणसाला लपवण्यासाठी नाही तर परत आणण्यासाठी मला त्याच दिवशी लावलं गेलं. पुरिंग पेटीवर डोकं टेकून पहिल्यांदा पोटभर रडली.

मोठी नणंद मर्सेडिता आली ती बघून उखडलीच. घरात तिचाच शब्द चालायचा.

"हे काय करून ठेवलंस? लोक म्हणतील, मेल्यावरही मळ्यात उन्हातान्हात राबवलं पोरीला."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुरिंग आंघोळीला गेली तेवढ्यात नणंदेनं त्या सजवणाऱ्या माणसाला बोलावून घेतलं. पुरिंग परत आली तोवर काच बसवून पक्की केली होती. आत पुन्हा ती परकी पोर. दारात गाडी उभी, चर्चमध्ये पाद्री खोळंबलेला. दफन होईपर्यंत मी तिच्या मुठीत होते, मूठ दुखेल इतकी घट्ट.

आता मी तिच्या उशाशी असते. अजून निम्मी शिल्लक आहे, पण कोरडी पडून चिरा जायला लागल्यात. तुमच्या घरात माझ्या रंगाची पोर असेल, तर ती हिंडतीफिरती आहे तोवर तिला डोळे भरून बघा, एवढंच सांगणं आहे माझं.

दफनाआधी घरच्यांनी पेटीभोवती उभं राहून काढलेला फोटो नणंदेनं मोठा करून भिंतीवर लावलाय. परवा नवी शेजारीण आली. फोटोतला चेहरा बघून म्हणाली, "किती गोरीपान. कोण हो ही?"

पुरिंग भांडी घासत होती. तिनं मान वर केली नाही.

"मी नाही ओळखत," ती म्हणाली. "नणंदेला विचारा."