काल छप्पन्न, आज चोपन्न

"काल छप्पन्न म्हणालीस, आज चोपन्न! सात आठे रोज बदलतात का गं? डोकं आहे की बाजार?"

बाबांचा हा आवाज तीस वर्षं तिच्या कानात मुक्कामाला होता. बाबा घड्याळजी. एका डोळ्याला भिंग लावून, मान न उचलता पाढे विचारायचे. ती घोकून घोकून यायची, आणि ऐन वेळी उत्तर जिभेवरून घसरायचं.

आता ती मेंदूची चित्रं काढणाऱ्या प्रयोगशाळेत होती, आणि काम नेमकं तेच पदरात पडलेलं. माणसाला मशीनमध्ये निजवायचं, तीच तिरकी रेघ चाळीस वेळा दाखवायची आणि मेंदू दर वेळी तसाच उजळतो का ते बघायचं. कुणाचा चाळीसही वेळा सारखा उजळे, कुणाचा दर वेळी निराळा. या निराळेपणाला तिथे सगळे 'गोंगाट' म्हणत. मग पाच दिवस त्या माणसाने शिकायचं, कुठल्या रेघेला कुठलं बटण. गोंगाटाच्या डोक्याला शिकणं जड जातं का, एवढाच प्रश्न.

तिथली रीत अशी, की बाहेरच्यांना निजवण्याआधी काम करणाऱ्याने स्वतः निजायचं, बटणंही शिकायची. तिनेही ते केलं होतं. पण वर्ष उलटलं तरी आपली फाइल तिने उघडली नव्हती. आकड्यांनीही 'बाजार' म्हटलं, तर दाद कुणाकडे मागायची?

साठीपुढची माणसं कमी पडली तेव्हा बाबा आपणहून आले. मशीन चालवणाऱ्याला सगळे भोंगा म्हणत. तो काचेपलीकडून ओरडला, "बाबा, डोकं हलवू नका हं!"

"केसाएवढी स्प्रिंग बसवतो मी," बाबा आतून म्हणाले. "तू जरा आवाज आवर."

आणि आज काम संपलं. इतके दिवस नुसते क्रमांक होते, आज त्यांना नावं जोडायची होती. तिच्या वरिष्ठ मॅडम शेजारी बसलेल्या, तेव्हा पळवाट नव्हती. पडद्यावर ठिपके उमटले. पार उजव्या टोकाला, जिथे गोंगाट सगळ्यांत जास्त, तिथे दोन ठिपके एकमेकांना चिकटून बसले होते. एक तिचा. दुसरा बाबांचा. पहिल्या दिवसाच्या शिकण्यात दोघंही तळाशी.

तिने पडदा बंद करायला हात पुढे केला.

"पाचवा दिवस लाव की," मॅडम म्हणाल्या.

तिने लावला. तळाचे ठिपके वर चढून आले होते. ती दोघंही शांत डोक्यांच्या रांगेत जाऊन बसली होती, जणू पहिल्यापासून तिथलीच.

"एकदाच विचारलं तर गोंगाट जिंकतो," मॅडम म्हणाल्या. "पुन्हा पुन्हा विचारलं की गाळ बसतो, उत्तर वर येतं. आपल्या चौतीस माणसांत तरी असं दिसतंय. लगेच नाचू नकोस."

"थोडं नाचू?"

"दार लावून."

संध्याकाळी ती बाबांच्या दुकानात गेली, तेव्हा छाती इतकी हलकी झाली होती की पायऱ्या चढल्याचं कळलंही नाही. तिने ठिपक्यांचा कागद टेबलावर पसरला, सगळं समजावून सांगितलं.

"म्हणजे मी ढ?" बाबांनी विचारलं.

"पहिल्या दिवशी. पाचव्या दिवशी नाही. आणि तुम्हाला चिकटून बसलीय ना, ती मी."

बाबांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. भिंतीवरची घड्याळं आपापल्या चालीने टिकटिकत होती, एकाचं दुसऱ्याशी जुळत नव्हतं. त्यांनी त्या दोन ठिपक्यांवरून बोट फिरवलं. मग त्यांनी खणातला हत्यारांचा जुना डबा काढून झाकण उलटं केलं. आतल्या बाजूला एक पिवळी पडलेली चिठ्ठी चिकटवलेली होती. बाबांच्या अक्षरातला सातचा पाढा.

"तुला विचारताना हा डबा उघडा असायचा," ते म्हणाले. "मला ते छप्पन्न कधी एका दमात आलंच नाही गं पोरी. तू चुकलीस की वाटायचं, हे माझ्याकडून तुझ्यात आलं. त्या भीतीने ओरडायचो."