दारावरचा माणूस

झाकण उलटं फिरत होतं. थर्मासचं निळं, कडेला टवका उडालेलं झाकण, आणि त्यावर अण्णांची बोटं. ती दर वेळी झाकण आणखीच घट्ट करत होती, मग थांबत होती, मग पुन्हा त्याच बाजूला जोर लावत होती. तो बघत राहिला. हात पुढे करून थर्मास घ्यायला असा काय वेळ लागणार होता... पण थोरल्या भावाच्या हातातून काही काढून घ्यायची त्याला सवयच नव्हती. उभ्या जन्मात घेतलं नव्हतं. वर्तमानपत्र नाही, चहाचा कप नाही, घरातला शेवटचा शब्द तर नाहीच नाही.

"झाकणच बिघडलंय," अण्णा म्हणाले. "राहू दे. वर जाऊन पिऊ."

वर म्हणजे शिखरावर. खिंडीतल्या ज्या दगडाच्या आडोशाला ते टेकले होते, तिथून मघापर्यंत शिखर स्वच्छ दिसत होतं. आता ढग इतका खाली उतरला होता की समोरची झुडपंसुद्धा गेली होती. वारा सुटला होता आणि वाऱ्यातून बारीक, ओलं काहीतरी तोंडावर येत होतं. आणि सकाळी, आजच सकाळी, पायथ्याला ऊन नुसतं मी म्हणत होतं! अण्णांनी स्वेटर आणि पावसाळी कोट दोन्ही गाडीच्या मागच्या सीटवर फेकले होते. "एवढ्या उकाड्यात ही ओझी कोण वाहणार? तू हमाल आहेस का?" मग तो चढ. दगड तापलेले, अण्णांच्या पाठीवर शर्ट चिकटलेला, पाणी पुढे केलं की "चढताना पाणी प्यायलं की पाय जड होतात" हे ठरलेलं उत्तर. आता तोच शर्ट त्यांच्या अंगावर गार पडत होता. अण्णा थरथरत होते आणि थरथरत नसल्यासारखे बसले होते.

हे त्याला कळत होतं. त्याला नाही कळणार तर कोणाला? तो शीतगृहात दारावरचा माणूस होता. आत शून्याखालची थंडी, बाहेर ट्रक येऊन लागतात तो तापलेला धक्का आणि मध्ये ते वीतभर जाडीचं दार, आतल्या बाजूला प्लास्टिकच्या पट्ट्या लोंबणारं. खोकी उचलायची ती इतरांनी. त्याचं काम फक्त बघायचं. आत गेलेल्याला स्वतःची थंडी कळत नाही, ती दारावरच्याला कळते, एवढ्या एका गोष्टीसाठी त्याला पगार मिळत होता. धक्क्यावरून घामेजून आलेल्याला तो आत सोडत नसे. दाराशेजारच्या खुंट्यांवर कोरड्या बनियनी टांगलेल्या असत, आधी ती बदल, मग आत. आणि आतल्याला "थंडी वाजतेय का रे?" असं कधी विचारत नसे, कारण त्याला सगळे नाहीच म्हणतात. तो चेष्टा करायचा. "काय पैलवान, आत सासुरवाडी केलीस की काय?" त्यावर चांगलं झणझणीत उत्तर आलं तर ठीक. नुसतीच मान हलली, तर दंडाला धरून बाहेर. मग तो दुप्पट अंगाचा असो, नाही तर सुपरवायझरचा मेहुणा असो.

आणि सकाळी गाडीपाशी... कोरडी बनियन, स्वेटर, वर गेल्यावरचा वारा, सगळं जिभेवर आलेलं होतं. मी गाडीचं दार लावलं आणि त्यांच्या मागून चालू लागलो.

काल वहिनी म्हणाल्या होत्या, "भावजी, तुम्ही बरोबर आहात म्हणून मी निर्धास्त आहे. माझं काही ऐकत नाहीत ते." जसं काही माझं ऐकतात! वडील गेले तेव्हा अण्णा कॉलेजात होते आणि तो अजून बोट धरून चालत होता. तेव्हापासून शाळा कुठली, नोकरी कुठली, लग्न केव्हा, सगळं अण्णा म्हणतील तसं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर अण्णांनी त्याला अपूर्णांक शिकवले होते, चुकलं की पट्टी, बरोबर आलं की काहीच नाही. त्याला राग यायचा, अजूनही येतो. पण त्या पट्टीखाली आपलं घर उभं राहिलं हेही त्याला ठाऊक होतं, आणि म्हणून राग नीट करताही येत नव्हता.

अण्णा उठायला लागले. एक हात दगडावर टेकला, तो घसरला, पुन्हा टेकला.

त्याने ओठ ओले केले. मग, ज्या माणसासमोर तो आजवर मोठ्याने हसलाही नव्हता त्याला म्हणाला, "काय अण्णा, दम गेला वाटतं? म्हातारे झालात म्हणायचं!"

बोलला आणि वाट बघू लागला. आता स्फोट होईल. अक्कल शिकवू नकोस, आईबापांनी... जे काय असेल ते होऊ दे, पण होऊ दे.

अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं. चष्म्यावर पाणी साचलं होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

"असेल," ते म्हणाले. शब्द जड, जिभेवरून ओढत आणल्यासारखा.

हे झणझणीत उत्तर नव्हतं, दंडाला धरून बाहेर काढायचं उत्तर होतं. आणि त्याच वेळी एक विचित्र शंका: हे सगळं मी बरोबर बघतोय ना? माझीही बोटं बधिर झालीत, मीही भिजलोय. इथे माझ्या दारावर कोण आहे?

"खाली जायचं," तो म्हणाला. आवाज धक्क्यावरचा होता, ट्रकच्या इंजिनावरून ऐकू जाणारा. "वर नाही. खाली, आत्ता. तो शर्ट काढा."

शिखर पाव तासावर असताना अण्णा कधी परतले नव्हते. भर पावसात, ताप असताना, डॉक्टरांनी बजावलं असतानासुद्धा नाही.

"बरं," अण्णा म्हणाले.

आणि बटणं सापडेनात म्हणून हात खाली सोडून उभे राहिले. त्याने शर्ट सोडवला. भावाची उघडी छाती त्याने किती वर्षांत पाहिली नव्हती, पांढरे केस, बरगड्या, त्यांवर उठलेला काटा. त्याने अंगातलं जॅकेट काढलं, एकेक हात बाहीत घातला, चेन हनुवटीपर्यंत ओढली. वारा त्याच्या स्वतःच्या पाठीला चावला. थर्मास उघडला, गोड चहा त्यांच्या ओठांना लावला. अण्णा निमूट प्यायले. शहाण्या मुलासारखे.

ढगात दोन वाटा दिसत होत्या, दोन्ही उतरणाऱ्या, दोन्ही सारख्याच. येताना त्याने वाट पाहिलीच नव्हती. अण्णांची पाठ पाहिली होती.

"अण्णा, कुठल्या बाजूने आलो आपण?"

"तू म्हणशील तसं."

हे वाक्य त्याने आयुष्यभर मनात ऐकलं होतं. कधी जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांसमोर, वहिनींच्या हातातला डाव थबकलेला. कधी आपल्या लग्नाआधीच्या त्या बैठकीत. दर वेळी ते ऐकून तो थोडा उंच व्हायचा. आता ते खरंच आलं होतं, ओल्या वाऱ्यात, कोणी ऐकायला नसताना... आणि त्याला ते परत करून टाकायचं होतं.

नको ना अण्णा. मूर्ख म्हणा मला. चुकतोयस गाढवा, डावीकडे, म्हणा. तो डाव्या वाटेकडे वळला, थांबला, मुद्दाम उजवीकडे वळला आणि त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. अण्णाही उजवीकडे वळले.

मी त्यांचं मनगट घट्ट धरलं आणि त्याच वाटेने उतरायला लागलो. त्यांनी चूक काढावी म्हणून दर पावलाला मोठमोठ्याने काहीतरी चुकीचं बोलत होतो, अपूर्णांक चुकीचे सांगत होतो, अर्धा आणि पाव मिळून एक, म्हणत होतो, आणि मागून फक्त येत होतं, बरं... बरं.