विहिरीवरचा निरोप

बिशपसाहेबांनी येऊ नये, असं लोणखेडच्या ख्रिस्ती वस्तीत कुणी तोंडाने बोललं नाही. पण गोजरबाईच्या मनात सकाळपासून तेच घोळत होतं. ते मुक्कामाला होते त्या चिखलीला निरोप धाडायचा, तर बैलगाडीच्या वाटेवर गावातले लोक लाठ्या घेऊन बसलेले. निरोप नेणार कोण?

बिशप मोरेल आता थकले होते. त्यांनी पद सोडायचं ठरवलं होतं आणि रोमहून मंजुरीही आली होती. वऱ्हाडातल्या आपल्या माणसांना शेवटचं भेटून ते मुंबईला बोटीत बसून मायदेशी परतणार होते. लोणखेड वाटेत पडत नव्हतं, तरी ते त्यांनी मागून घेतलं. तरुणपणी नुसते फादर होते तेव्हा त्यांनी पहिली झोपडी इथेच घातली होती. वऱ्हाडी बोलायला इथेच शिकले होते. गोजरबाईच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणीही त्यांनीच ओतलं होतं.

आणि नेमकी त्याच चैत्रात गावात पटकी आली.

चिखलीच्या सरकारी डॉक्टरने मिशनच्या दवाखान्यात लाल दवाई पाठवली आणि गावची विहीर शुद्ध करायला सांगितलं. भगवानराव पाटलांना विचारून दवाखाना चालवणाऱ्या सिस्टर अ‍ॅग्नेसने ती विहिरीत टाकली. गोजरबाई दवाखान्यात बाटल्या धुण्यापासून बाळंतपणापर्यंत सगळं करी. दवाईची बादली तिनेच वाहून नेली, पण विहिरीच्या ओट्यावर तिने पाय ठेवला नाही. धर्म बदलला तरी गावच्या लेखी तिची जात तीच होती, आणि तिची सावलीसुद्धा त्या ओट्याला चालत नव्हती. पाणी बघता बघता लाल झालं. त्याच रात्री उकंडराव शिंदेची पोरगी गेली. ती आदल्या दिवसापासून ओकत होती, पण हे ऐकून घेण्याच्या स्थितीत कुणीच नव्हतं. विहिरीत विष कालवलं, अशी बोंब झाली. दवाई पुन्हा टाकायला हवी होती. आता विहिरीजवळ फिरकायचीही सोय उरली नाही. लाली उतरून गेली आणि गाव तेच पाणी पीत राहिलं, मरत राहिलं.

दुपार कलली तेव्हा बिशपसाहेबांची गाडी वस्तीत शिरली. गाडीवाल्याचा चेहरा उतरला होता. वाटेत त्यांना कुणी अडवलं नव्हतं, पण रामरामही घातला नव्हता. बिशपसाहेब दोघांच्या आधाराने उतरले. पांढरी दाढी, वाकलेली पाठ.

"गोजर, किती वाळली वं तू," ते म्हणाले.

"तुमी काऊन आले जी?" तिच्या तोंडून निघून गेलं. "गाव चवताळून राह्यलं. आल्या पावली जा."

"न भेटता जाऊ? मंग आलो कायले होतो?"

टिनाच्या छपराच्या छोट्या देवळात माणसं दाटीवाटीने बसली. बिशपसाहेबांनी आशीर्वाद दिला, वस्तीत गेलेल्यांची नावं घेऊन प्रार्थना केली. मग ते वेदीपाशी खुर्चीवर बसले. "माह्या जागी नवा बिशप येईन," ते म्हणाले. "तो तुमची बोली शिकेपर्यंत त्याले सांभाळून घ्या. माह्याकडून काही चुकलं असन तर…"

पुढचं कुणाला ऐकू आलं नाही. बाहेर कुत्री एकदम भुंकायला लागली आणि त्यामागून माणसांचा गलका आला. बायांनी पोरं छातीशी धरली. गोजरबाईने दाराच्या फटीतून पाहिलं. पुढे भगवानराव पाटील, त्यांच्या शेजारी उकंडराव, आणि मागे सगळं गाव. गर्दीतल्या दोघांच्या हातात पेटते टेंभे होते, अजून ऊन असताना. ते उजेडासाठी नव्हते, हे तिला कळलं. दवाखान्याचं छप्पर गवताचं होतं. आत सिस्टर होती आणि वस्तीतले चार रोगी खाटेवर पडून होते.

बिशपसाहेब काठी टेकत बाहेर निघाले. कुणीतरी त्यांच्या मागे जायला हवं होतं. कुणी हललं नाही, म्हणून गोजरबाई निघाली.

"पाटील, काय पायजे?" बिशपसाहेबांनी विचारलं.

भगवानरावांचे डोळे तांबारले होते. त्यांची सूनही घरात अंथरुणावर होती. "ते गोरी बाई आमच्या हवाली करा. अन् ते लाल दवाई."

"दवाई विष नाही."

"मंग माही पोट्टी कायनं मेली?" उकंडराव ओरडला. "विष नसन तर पी! आमच्या डोयापुढं पी!"

"पितो," बिशपसाहेब म्हणाले.

मागची माणसं ऐकायला पुढे सरकली.

"विहिरीत तुमच्यासमोर दवाई टाकू. लाल पानी वर काढा, मी पितो. उद्या दुपारपर्यंत तिथंच बसतो, तुमच्या डोयापुढं. मले काही झालं नाही तर समदं गाव तेच पानी पिईन अन् सिस्टरले कोनी हात लावणार नाही. कबूल?"

पाटलांनी उकंडरावकडे पाहिलं. उकंडरावने गोजरबाईकडे बोट केलं. "बादली इनं आनली होती. हेही पिईन."

डॉक्टरचं बोलणं गोजरबाईने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं: दवाई रात्रभर मुरली पाहिजे, त्याआधी पाणी प्यायचं नाही. ती पुढे सरकून कुजबुजली, "साहेब, ते पानी आज मारणारंच हाय. दवाई सकायपर्यंत लागू होत नाही."

"मले माहीत हाय," ते हलकेच म्हणाले. मग मोठ्याने म्हणाले, "बाईले सोडा. मी एकटा पितो."

"दोघं!" मागून आवाज उठले. टेंभा घेतलेला एकजण दवाखान्याकडे चालू लागला.

गोजरबाईचा नवरा पटकीनेच गेला होता. एका दिवसात त्याचं अंग पिळून काढलेल्या फडक्यासारखं झालं होतं. डोळे खोल गेले होते आणि आवाज उरलाच नव्हता. ते सगळं तिच्यापुढे उभं राहिलं. पळून जावं असं तिला वाटलं, खरोखर वाटलं. पण टेंभेवाला चालतच होता.

"पिते," ती म्हणाली. "त्याले थांबवा. पिते मी."

सिस्टरने दवाईची बाटली आणून दिली. पाटलांच्या माणसाने ती विहिरीत रिकामी केली, पाणी ढवळलं आणि पोहरा वर ओढला. बिशपसाहेब पितळी लोट्याने प्याले. गोजरबाई ओट्याखाली उकिडवी बसली, ओंजळ पुढे केली आणि पाटलांच्या माणसाने वरून, लांबून, पाणी ओतलं. लोखंड चाटल्यासारखी चव आली. डोळे मिटून तिने ते गिळलं.

मग दोघं विहिरीजवळच्या कडुनिंबाखाली बसले आणि गाव समोर बसलं. पोटात जरा गुरगुरलं की गोजरबाईला घाम फुटे. अंधार पडल्यावर बिशपसाहेब म्हणाले, "गोजर, मरणाऱ्यांले मी जन्मभर सांगत आलो, भेऊ नका म्हणून. आज मले भेव वाटून राह्यलं."

"मलेबी, साहेब."

"अन् वाचलो तर त्याहून मोठं भेव हाय. माह्या गावात आता माही ओळख कोनाले? तठी मी परदेशी."

आपल्या लुगड्याचा पदर तिने त्यांच्या गार पडलेल्या पायांवर घातला.

उजाडता उजाडता तिचा जरा डोळा लागला, तोच ओकारीच्या आवाजाने ती दचकून उठली. बिशपसाहेब झाडाच्या बुंध्याला धरून वाकले होते. समोर बहुतेक लोक घोंगडीत गुरफटून झोपले होते. कुणी पाहिलं, तर सूर्य वर यायच्या आत दवाखाना जळणार होता. तिने दोन्ही हातांनी माती ओढून सगळं झाकलं, वर स्वतः बसली आणि त्यांचं तोंड पदराने पुसलं.

"हे तेच हाय का वं?" त्यांनी विचारलं.

"दवाईनं मळमळलं असन. उपाशीपोटी घेतली ना." तिला खरं ठाऊक नव्हतं. तिने त्यांची नखं निरखली, निळी पडली का ते पाहिलं. हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. सिस्टरने रात्रीच देऊन ठेवलेलं मीठ घातलेलं पाणी घोटघोट पाजलं. त्यांना पुन्हा उमळून आलं. ते दात आवळून, तिचा हात घट्ट धरून, लोकांकडे पाठ करून बसून राहिले. ऊन अंगावर येईपर्यंत तिने श्वाससुद्धा मोजून घेतल्यासारखा घेतला.

तिसऱ्यांदा ओकारी आली नाही.

दुपारी भगवानराव पाटील उठले, पोहरा ओढला आणि सगळ्यांदेखत पाणी प्याले. मग एकेक घागर विहिरीवर येऊ लागली. उकंडराव पाणी न पिताच, कुणाशी न बोलता निघून गेला. त्याला कुणी थांबवलं नाही.

बिशपसाहेबांना चौघांनी उचलून गाडीत बसवलं. निरोपाचं बोलणं राहूनच गेलं. देवळातली माणसं आता रस्त्याच्या कडेला उभी होती. बिशपसाहेबांनी क्रूसाची खूण करायला हात वर केला. हात अर्ध्यातच खाली आला. गोजरबाई चाकाशेजारी चालत गावाच्या शिवेपर्यंत गेली. तिथे ते म्हणाले, "आता फीर मागं. तठी रोगी वाट पाहून राह्यले."

पुढच्या आठवड्यात गावातली मरणं थांबत आली, पण गोजरबाईच्या घशाखाली घास उतरेना. आगगाडी धरायला खामगावला पोचायच्या आधीच ते गाडीत गेले असतील, आणि आपण माती टाकून लपवलं म्हणून त्यांना वेळेवर डॉक्टर मिळाला नसेल, असंच तिला वाटत राहिलं. शेवटी खामगावचे फादर आले. बिशपसाहेब तिथे दोन दिवस अशक्त होऊन पडले होते, मग उठून जेवले आणि आगगाडीत बसून मुंबईला गेले, असं त्यांनी सांगितलं.

"बोटीत चढले का?" गोजरबाईने विचारलं.

"चढले. तार आली."

ती दवाखान्याच्या पायरीवर मटकन बसली आणि सिस्टर बाहेर येईपर्यंत रडत राहिली.