फाटकाबाहेरचा बाक

मित्रांनो, फणसाच्या लाकडाचा, चार माणसं सहज मावतील एवढा आणि पाठीने अगदी ताठ असा एक जुना बाक तुमच्याशी बोलतो आहे. माझं वय साठीच्या पुढे आहे. कोल्हापुरात चुनाभट्टी वसाहत नावाची एक वस्ती आहे. तिथल्या चर्चच्या फाटकाबाहेर मी असतो. तिथे कसा आलो, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझं लाकूड गगनबावड्याकडचं. ज्ञानू सुताराने मला आणि माझ्या अकरा भावंडांना चर्चसाठी घडवलं. पाठ थोडी कलती ठेवू का, असं त्याने विचारलं, तेव्हा त्या वेळचे पाळकसाहेब म्हणाले, "नको. लोक उपदेशाला झोपतात." म्हणून मी ताठ आहे. लोक तरीही झोपायचे, ही गोष्ट वेगळी.

ते दिवस फार छान होते. रविवारी पेटी-तबल्यावर गाणी सुरू झाली, की माझ्या लाकडातसुद्धा सूर घुमायचा. बाप्तिस्म्याला आणलेली तान्ही बाळं आया माझ्यावर निजवायच्या. नाताळात रंगीत पताका चिकटवताना सांडलेली खळ माझ्या एका पायावर अजून आहे.

पुढे वसाहतीजवळचा कारखाना बंद पडला. लोकांची कामं गेली. चर्चच्या बऱ्याच सभासदांनी लांबच्या नव्या कॉलन्यांत घरं बांधली. ते रविवारी गाड्यांतून यायचे आणि उपासना झाली की फाटकाला कुलूप लावून जायचे. शेजारच्या मोकळ्या जागेचा कोंडाळा झाला. सगळी वसाहत तिथे कचरा टाकायची. दुपारपासूनच काही माणसं तिथे पीत बसायची, त्यामुळे शाळेच्या मुली लांबचा वळसा घालून जायच्या. आमच्याकडेही प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. माझी भावंडं कुठे कुठे गेली आणि मी मागच्या खोलीत जुन्या पडद्यांखाली पडून राहिलो. सात वर्षांत माझ्यावर कोणी बसलं नाही.

तीन वर्षांपूर्वी मिरजेहून शांतवन समुद्रे नावाचे तरुण पाळक आले. चर्चच्या आवारातलं घर बरीच वर्षं बंद होतं. त्यांनी ते उघडलं आणि तिथेच राहायला लागले. पहिल्याच महिन्यात त्यांनी चर्चमधली चाळीस मुलं-मुली जमवून तो कोंडाळा साफ केला. सगळ्यांच्या अंगात सारखे टी-शर्ट होते. फोटो निघाले. आठ दिवसांत जागा पुन्हा कचऱ्याने भरली.

चर्चच्या समितीचे अध्यक्ष रणभिसे सर म्हणाले, "मी सांगितलं होतं. आपण भिंत आणखी चार फूट उंच करू आणि वर काचा लावू." निवृत्त मुख्याध्यापक असलेले सर वाईट नव्हते. आदल्याच वर्षी चर्चची वाजवायची पेटी चोरीला गेली होती, ते त्यांच्या मनाला फार लागलं होतं. सहा महिन्यांनी समितीची बैठक होईल आणि तिच्यात भिंतीचा निर्णय होईल, असं ठरलं.

त्याच आठवड्यातला उपदेश मी मागच्या खोलीतून ऐकला. पाळकसाहेब म्हणाले, "प्रभू चालून चालून थकला आणि परक्या गावच्या विहिरीजवळ बसला. तिथे आलेल्या बाईकडे त्याने आधी पाणी मागितलं. आपण मात्र कुणाकडे काही न मागता थेट द्यायलाच गेलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला ओढत फाटकाबाहेर आणलं, पुसलं आणि स्वतः एका टोकाला बसले. चार दिवस त्यांच्या शेजारी कोणी बसलं नाही. पाचव्या दिवशी डोक्यावर भाजीची पाटी घेऊन चिमणाबाई आल्या. सत्तरीच्या, बारीक अंगाच्या आणि खणखणीत आवाजाच्या.

"बसा, मावशी," पाळकसाहेब म्हणाले.

"तुमच्या देवळात ओढायला बसवालायसा व्हय?"

"नाही. पाय दुखत असतील म्हणून म्हटलं. आणि मलाच तुमच्याकडे पाणी मागायचं होतं. आज आमच्या नळाला आलं नाही."

चिमणाबाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. मग पाटी माझ्यावर ठेवली, समोरच्या आपल्या घरातून तांब्या भरून आणला आणि मगच टेकल्या. मित्रांनो, पाळकसाहेब सोडले तर सात वर्षांनी कोणीतरी माझ्यावर विसावलं होतं. तो भार मला किती गोड वाटला, ते कसं सांगू?

हळूहळू इतरही बसू लागले. एके दिवशी पाळकसाहेबांनी विचारलं, "आम्ही एवढी साफसफाई केली, ती टिकली का नाही?"

तिथे आकाराम पैलवान बसले होते. एके काळी त्यांनी मैदानं गाजवली होती, आता गुडघे धरून बसायचे. ते म्हणाले, "आमाला इचारलासा का? तुमी आलासा, झाडलासा, फोटू काढून गेलासा. आमाला वाटलं, तुमची जागा हाय."

"मग कुणाची आहे?"

"आमची की," चिमणाबाई म्हणाल्या. "आमी नव्या नवऱ्या हुतो तवा तितं कुरडया वाळवायचो."

त्या दिवसापासून पाळकसाहेबांनी सांगणं कमी केलं आणि ऐकणं वाढवलं. काय करायचं ते माझ्यावर बसूनच ठरलं आणि ते वसाहतीने ठरवलं. पुढच्या रविवारी घराघरातून खोरी-घमेली निघाली. पाळकसाहेबांनी उपासना तासभर आधी घेतली आणि बाह्या दुमडून तेही कामाला लागले. आकारामनी एका कोपऱ्यात तांबडी माती आणून लहान आखाडा केला. बायकांनी उन्हाची बाजू वाळवणासाठी घेतली. कचऱ्याची गाडी आली की आकाराम अशी हाक द्यायचे, की दोन गल्ल्या पलीकडचे लोकही डबे घेऊन धावायचे. पिणारे दोन दिवस आले, पैलवानांना शड्डू ठोकताना पाहिलं आणि त्यांनी दुसरीकडे वाट धरली. त्यांच्यातला एक मात्र परत आला. पाळकसाहेब रोज अर्धा तास त्याच्याशी माझ्यावर बसून बोलायचे, त्याच्यासाठी प्रार्थना करायचे. तो आता आखाड्याला पाणी घालतो.

मग समितीच्या बैठकीचा दिवस आला. मला धाकधूक होती. भिंत उंच झाली, तर मी पुन्हा आत जाणार होतो.

रणभिसे सर वेळेआधी अर्धा तास पोचले. पाळकसाहेब कुणालातरी दवाखान्यात घेऊन गेले होते आणि फाटक बंद होतं. सर नाइलाजाने माझ्यावर टेकले. समोरून चिमणाबाईंनी त्यांना पाहिलं आणि चहाचा कप घेऊन त्या आल्या.

"पावणं, कुणाकडं आलायसा?"

सर गोंधळले. "मी पाहुणा नाही. मी या चर्चचा आहे. पन्नास वर्षं येतोय."

"पन्नास?" चिमणाबाई शेजारी बसल्या. "मी समोरच्याच दारात असतो. तुमास्नी कदी बगितलं न्हाय बगा. घ्या, च्या निवंल."

सरांनी चहा घेतला. समोर कुरडया वाळत होत्या. दप्तरं घेतलेल्या तीन मुली त्या जागेतून गप्पा मारत सरळ पलीकडे गेल्या. सरांनी रिकामा कप खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं, "तुमचं नाव काय, बाई?"

थोड्या वेळाने पाळकसाहेब आले, समितीची माणसंही जमली. सर उठले नाहीत. ते तिथूनच म्हणाले, "पन्नास वर्षांत मी समोरच्या घरातल्या बाईंचं नाव विचारलं नव्हतं. आज त्यांनी मला पाहुणा म्हटलं, आणि त्यांचं काही चुकलं नाही. भिंतीचा विषय माझ्याकडून मी मागे घेतो."

एक-दोघांनी कुरकुर केली, पण भिंत उंच झाली नाही. उलट त्या जागेकडच्या बाजूला एक लहान दार पाडलं. पेटी काही सापडली नाही. नवी आणली. आता शनिवारी वसाहतीतल्या मुली ती शिकायला येतात आणि रणभिसे सर त्यांच्याकडून गणितं करून घेतात. मुली पेटीवर खूश आहेत, गणितावर तेवढ्या नाहीत.

गेल्या पावसाळ्यात माझा एक पाय कुजला. चर्चच्या लोकांनी ठरवलं, मला पॉलिश करून आत मानाच्या जागी ठेवायचं. हे कळताच चिमणाबाई येऊन माझ्या मधोमध बसल्या. "बाक आमचा हाय," त्या म्हणाल्या. "आमचा पण आहे," रणभिसे सर म्हणाले आणि तेही बसले. असे दोघं तासभर भांडत बसले. मित्रांनो, माझ्यावरून भांडण व्हावं, एवढं सुख मला कधी मिळालं नव्हतं. शेवटी आकारामनी नवा पाय बसवला, वर पत्र्याची सावली केली आणि मी आहे तिथेच राहिलो.

माझं मागणं थोडं आहे. तुमच्या घरी, शाळेत, देवळात एखादा जुना बाक अडगळीत असेल, तर त्याला बाहेर काढा, तेलाचा हात द्या आणि रस्त्याकडे तोंड करून ठेवा. आणि एखाद्या गल्लीला नावं ठेवायची इच्छा झाली, तर आधी तिथे थोडा वेळ बसा. कुणाकडे तरी पाणी मागा आणि त्यांचं नाव विचारा.