जावईबापूंचं ऊन

धक्क्यावर होड्या पन्नासेक होत्या, पण त्या सगळ्यांचा जीव एका पत्र्याच्या खोलीत असे. ती खोली करंटमामांची. संध्याकाळी होड्या परतल्या की होडीवाले खांद्यावर बॅटऱ्या घेऊन यायचे, मामा त्या फळीवर ओळीने मांडायचे, चिमटे लावायचे आणि सकाळी ज्याची त्याला भरून परत द्यायचे. होडीवरचे दिवे, वायरलेस, तळाशी झिरपणारं पाणी उपसणारा पंप, सगळं त्या एका बॅटरीवर. बॅटरी खरंच भरली की नुसतं भरल्याचं सोंग करतेय, हे मामा काचेच्या नळीत तिचं पाणी ओढून, आतली कांडी किती वर तरंगते ते बघून सांगायचे. तीस वर्षांत त्यांचं निदान चुकलं नव्हतं. धक्क्यावर दोघांचं भांडण लागलं आणि एकजण म्हणाला, "मामांना विचार," की दुसरा गप्प व्हायचा.

मामांची एकुलती एक लेक मोठ्या शहरात दिलेली होती. जावई एका कंपनीत टेबलाशी बसून काहीतरी करायचा. काय ते मामांना शेवटपर्यंत कळलं नाही. कंपनी बुडाली आणि तो बायकोला घेऊन सासऱ्याच्या गल्लीतच दोन खोल्या भाड्याने घेऊन राहिला. तीन महिने त्याने वर्तमानपत्रं वाचली. चौथ्या महिन्यात, मामांच्याच घरी जेवायला बसलेला असताना, त्याने जाहीर केलं की तो होड्यांवर सोलर पॅनेल बसवण्याचा धंदा करणार आहे.

"होडी दिवसभर उन्हातच असते ना," तो म्हणाला. "छतावर पॅनेल टाकलं की बॅटरी जागच्या जागी भरते. कुणाकडे उचलून न्यायलाच नको."

ज्याच्याकडे उचलून न्यायचं तो माणूस समोर बसून आमटी वाढून घेतोय, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. मामांनी तोंड उघडलं, तोच मामींनी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला.

जावईबापू गेल्यावर मामींनी कायदा सांगितला. लेक इतक्या वर्षांनी हाकेच्या अंतरावर आली आहे. धंदा चालला तर राहील, नाही चालला तर पुन्हा कुठेतरी लांब जाईल. तेव्हा जावयाबद्दल धक्क्यावर एकही वाकडा शब्द निघता कामा नये. मामा म्हणाले, मग माझ्या धंद्याचं काय? मामी म्हणाल्या, लोक काय तुम्हाला सोडून जाणार आहेत का? हे मामांना पटलं. तीस वर्षांची माणसं, कालच्या पोराच्या पत्र्यावर कशी भुलतील?

पहिला आला तो कप्तान. म्हणजे बारा माणसांना खाडीपल्याड नेणारी एक जुनी होडी चालवणारा म्हातारा, पण टोपी घालायचा म्हणून कप्तान. जावईबापूंनी पॅनेलबद्दल सांगितलंय, तर मामांचं मत काय, असं त्याने विचारलं. दात आपलेच आणि ओठही आपलेच, अशी मामांची गत. वाकडं बोलायचं नाही हे ठरलेलं, आणि सरळ बोलायची इच्छा नव्हती. म्हणून त्यांनी मधला मार्ग काढला.

"वा, छानच आहे की," ते म्हणाले. "सूर्य काय, आपल्या घरचाच. तो कधी दांडी मारत नाही, कधी ढगाआड जात नाही. घे, अगदी डोळे मिटून घे."

हा टोमणा इतका जाड होता की आंधळ्यालाही दिसला असता. कप्तानाने मान डोलावली, आभार मानले आणि जाऊन पॅनेल घेतलं. डोळे मिटून.

मग रांगच लागली. मामा प्रत्येकाला नवा टोमणा मारायचे. एकाला म्हणाले, एवढी हुशार वस्तू आमच्या जन्मात पाहिली नाही. दुसऱ्याला म्हणाले, जावईबापूंना विजेतलं काय कळतं विचारू नकोस, त्यांना सगळंच कळतं. तिसऱ्याला तर सांगितलं की आता बॅटरीला माणसाची गरजच उरली नाही. आणि प्रत्येक होडीवाला गावभर सांगत सुटला की खुद्द करंटमामा, ज्यांचं यात नुकसान आहे, तेसुद्धा पॅनेलची तारीफ करतात. याहून मोठा पुरावा कुठला? आयुष्यभर सरळ बोलणाऱ्या माणसाचा टोमणा कुणाला ओळखता येत नाही, हे मामांना त्या वर्षी समजलं. दिवाळखोर व्हायला आळस लागतो, व्यसन लागतं असं ते ऐकून होते. त्यांचं ते काम नुसत्या विनोदबुद्धीने भागवलं.

चार महिन्यांत फळी रिकामी झाली. मामा सकाळी दुकान उघडायचे, फळी पुसायचे, नळी धुऊन ठेवायचे आणि बाहेर खुर्ची टाकून बसायचे. समोर पाण्यावर होड्यांच्या छतावर पॅनेलं चमकत असायची. ऊन इतकं लख्ख पडायचं की मामांना ते मुद्दाम पडतंय असं वाटे.

मग एका सकाळी कप्तानाची होडी धक्क्याला बांधल्या जागीच बुडाली. पूर्ण नाही, बाकांपर्यंत. तळाला झिरप होतीच, पंप चालेना म्हणून पाणी चढलं. आत कुणी नव्हतं, ते नशीब. पण कप्तान तरातरा चालत गेला तो जावईबापूंकडे नाही, मामांकडे.

"मामा, तुम्ही सांगितलं म्हणून घेतलं," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, म्हणून मामांना जास्त लागलं. "तुम्ही म्हणाला होतात, डोळे मिटून घे."

तो टोमणा होता, असं सांगितलं असतं तर जावई उघडा पडला असता आणि स्वतः मामाही. ते पँट गुडघ्यापर्यंत दुमडून होडीत उतरले. बॅटरी बाकावर, पाण्याच्या वर होती, ती काढून नळीने तपासली. कांडी तळाला जाऊन बसली. बॅटरी पार रिकामी. तारा ठीक, जोडण्या ठीक. मग ते छतावर चढले. तिथे पॅनेलवर जाड ताडपत्री, चारी कोपरे दोरीने करकचून बांधलेले.

"हे काय?"

"आठवडा झाला, झाकून ठेवलंय," कप्तान म्हणाला. "नवी वस्तू आहे. ऊन लागून खराब झाली तर?"

मामांनी दोरीची एक गाठ सोडली. चार महिने ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला होता, आणि हसायला मात्र येईना. होडी चिखलाच्या वासाने भरली होती आणि कप्तान ओल्या बाकावर हात फिरवत होता.

बातमी पसरली आणि ज्याच्या त्याच्या तक्रारी बाहेर पडल्या. सगळे मामांच्याच दारात, कारण शब्द मामांचा होता. मामा एकेका होडीवर गेले. एकाने पॅनेलच्या वर दोरी बांधून अंथरुणं वाळत घातली होती. एकजण रोज सकाळी छतावर पक्ष्यांना दाणे टाकायचा, पुण्य लागतं म्हणून. पुण्य लागत होतं की नाही कोण जाणे, पॅनेलवर विष्ठेचा थर मात्र बोटभर लागला होता. एकाने मधली डबी काढून फेकून दिली होती. बॅटरी भरली की वीज थांबवते ती डबी. 'फुकटचं आहे तर थांबवायचं कशाला?' त्याची बॅटरी उकळून कोरडी पडली होती. आणि बॅटरीत शुद्ध पाण्याचा थेंब तर कुणीच घातला नव्हता. मामांनी आधी सांगितलं होतं ना, बॅटरीला आता माणसाची गरज नाही म्हणून.

दुपारी लेक त्यांना शोधत आली. हातात पाना, खिशात टेप. मामा चक्रावले. तेव्हा त्यांना कळलं की पॅनेलं बसवायचं काम पहिल्यापासून, मामा दुकान उघडण्याआधी पहाटेच, तीच करत होती. जावईबापू गिऱ्हाइकांशी बोलायचे आणि शिडी धरायचे.

दोघं मिळून फेकलेल्या डबीच्या जागी नवी जोडत असताना मामांनी मन मोकळं केलं. म्हणाले, माझ्या बोलण्याचा लोकांनी भलताच अर्थ घेतला बघ. मला तसं म्हणायचं नव्हतं.

लेकीने स्क्रू घट्ट केला. "मला माहीत होतं बाबा, तुम्ही टोमणे मारत होतात."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलू काय? मीच एकेकाला तुमच्याकडे पाठवत होते. म्हणायचे, आधी मामांना विचारून या. आईने तुम्हाला घातलेली बंदी मला ठाऊक होती. वाईट तुम्ही बोलणार नाही, आणि तुमचा टोमणा इथे कुणाला कळणार नाही."

आपल्याच लेकीने आपल्याला दुकानासकट विकून खाल्लं, आणि तेही इतक्या सफाईने, याचा राग यावा की कौतुक वाटावं, हे मामांना ठरवता येईना. ती म्हणाली की तिला परत शहरात जायचं नव्हतं. हे ती तारेकडे बघून म्हणाली, त्यांच्याकडे बघून नाही. मामांनी नाक पुसलं आणि लाल तार पुढे केली.

त्यानंतर मामा रोज सकाळी पिशवी घेऊन निघू लागले. त्यात नळी, शुद्ध पाण्याचा डबा आणि ओलं फडकं. पॅनेल पुसायचं, बॅटरीत पाणी बघायचं, तारांवरचा हिरवा गंज खरवडायचा. प्रत्येक होडीवाल्याने महिन्याची रक्कम आपणहून ठरवली. जावईबापूंचं नाव मात्र बरंच मोठं झालं. सूर्याच्या जिवावर चालणारा धक्का उभा करणारा तरुण म्हणून त्यांना गावोगावच्या सभांना बोलावणी येऊ लागली. ते भाषण चांगलं करत. त्यात सासऱ्यांच्या आशीर्वादाचा उल्लेख न चुकता असे.

एके दिवशी पलीकडच्या काठाचा एक होडीवाला आला. पॅनेल घ्यावं का, त्याने विचारलं. मामांनी यावेळी ठरवलं होतं, फिरवून काही बोलायचं नाही. त्यांनी त्याला खुर्ची दिली आणि पाऊण तास समजावलं. झाकू नये, सावली पडू देऊ नये, आठवड्याला पुसावं, पंधरा दिवसांनी पाणी बघावं, डबीला हात लावू नये, ढगाळ दिवसांत दिवे जपून वापरावेत. हे सगळं केलं तर वस्तू खरोखर उत्तम आहे, मी मनापासून सांगतो, ते म्हणाले.

होडीवाल्याने शांतपणे सगळं ऐकलं, विचार करून सांगतो म्हणाला आणि निघून गेला. तो काही परत आला नाही.

लेक आत सामान आवरत होती. तिने सगळं ऐकलं होतं. बाहेर येऊन ती म्हणाली, "बाबा, यापुढे गिऱ्हाईक आलं की मला हाक मारा."

मामांनी फडकं पिळलं, पिशवी खांद्याला लावली आणि पुढच्या होडीत पाय टाकला. छतावर दोन पक्षी आधीच येऊन बसले होते.