मल्लूला जोड आणली तेव्हा

दानम्मा मुदखेडला नांदायला गेली आणि तिच्या पोपटाची, मल्लूची, अन्नावरची वासना उडाली. वैशाखात लग्न झालं आणि महिन्याभरात त्यानं स्वतःच्या छातीची पिसं उपटून काढली. लातूरच्या गंजबाजारात तिच्या वडलांचं, सिद्धलिंगअप्पांचं, भुसाराचं दुकान होतं. दुकानामागं घर, आणि घराच्या ओसरीवर मल्लूचा पिंजरा. येणारं-जाणारं माणूस ती उघडी छाती बघून न विचारता सांगायचं, हे पाखरू काही जगत नाही. दुसऱ्याच्या घरचं मरण सांगायला लोकांना मोठी हौस असते.

पार्वतम्माला ते ऐकवत नव्हतं. दानम्मा तिची एकुलती एक लेक. सासरी जाताना सगळ्या पोरी रडतात, ही रडली नाही. गाडीत बसताना एवढंच म्हणाली, "अव्वा, मल्लूला जप." पुढं तिची दोन पत्रं आली. दोन्हींत स्वतःबद्दल एक अक्षर नव्हतं. मल्लू काय खातो, काय बोलतो, एवढीच विचारपूस. नागपंचमीला पोर येईल तेव्हा मल्लू तिला जिता दिसला पाहिजे, असं पार्वतम्मानं ठरवून टाकलं. आणि तिनं एकदा ठरवलं की मोगलाईतला कुठलाही हुकूम ते फिरवू शकत नसे.

"एकटा हाय म्हणून झुरून राहिला," ती म्हणाली, आणि पाखरं धरणाऱ्या दगडोबाला तिनं सांगावा धाडला. पुढच्या सोमवारी तो शिरूरकडून एक मादी घेऊन आला. हातावर वाढवलेली, गळ्याला कंठ नसलेली, तिखट डोळ्यांची.

"एकदम एका पिंजऱ्यात घालू नका, मालकीणबाई," दगडोबा म्हणाला. "आधी न्यारं ठिवा."

पण शेजारच्या गुणाबाईला तेवढा धीर कुठला! "मादी हाय? मंग ही तर सून झाली गं! अन् आज सोमवार. आणखी कोन्ता मुहूर्त पायजे?"

पाहता पाहता पाच सवाष्णी गोळा झाल्या. उंबऱ्यावर ज्वारीचं माप ठेवलं, पाखराच्या चोचीनं ते लवंडलं, नाव ठेवलं नीलव्वा. दोघांच्या कपाळाला विभूती लावायला गेल्या तर मल्लू पंख आपटायला लागला. त्यातच अक्षता पडल्या. पार्वतम्मानं हे सगळं थांबवायला हवं होतं. पण घरातून एक पोर गेलेली, आणि उंबरा ओलांडून कुणीतरी आत येत होतं. तिलाही भरून आलं. तिनंच पिंजऱ्याचं दार उघडलं आणि नीलव्वाला आत ढकललं.

नीलव्वानं मल्लूच्या पायाचं बोट धरलं ते सोडेचना. रक्त आलं. बाया किंचाळल्या. "सून डोईजड निघाली गं बाई!" म्हणत गुणाबाई सगळ्यांच्या आधी घरी पळाली. पार्वतम्मानं हात घालून दोघांना सोडवलं, तेव्हा तिच्याही अंगठ्याचा लचका निघाला. तिनं आधी मल्लूच्या बोटाला हळद दाबली, मग स्वतःच्या.

दुसऱ्या दिवशी मल्लू पाणीही घेईना. नीलव्वा कोपऱ्यात अंग फुगवून बसली. तीही भेदरली होती, हे पार्वतम्माला तेव्हा कुठं दिसलं.

"दे सोडून दोघान्ला," सिद्धलिंगअप्पा म्हणाले. "मरायचंच आसंल तर डोळ्याआड मरू दे."

"मरनार न्हाई. म्या मरू देनार न्हाई," पार्वतम्मा म्हणाली. "चूक माझी हाय. त्येची न्हाई, तिची बी न्हाई."

तिनं नीलव्वाला वेगळा पिंजरा केला आणि तो स्वयंपाकघरात ठेवला. पाच दिवस दोघांनी एकमेकांचा फक्त आवाज ऐकला. सहाव्या दिवशी तिनं नीलव्वाला ओसरीच्या दुसऱ्या टोकाला आणलं. मग रोज सकाळी लिंगपूजा आटोपली की पिंजरा एक वीत पुढं सरकवायचा आणि दोघांना एकाच वेळी भिजवलेली डाळ घालायची. मल्लूनं मानेची पिसं फुलवली की दोन वीत मागं. अप्पा चेष्टा करायचे, "तहसीलदार जमीन मोजून राहिले वाटतं." पार्वतम्मा पुढची वीत टाकायची.

आखाड लागला. नव्या लेकीला आखाडात माहेरी आणायची रीत, पण मुदखेडहून सासूच्या दुखण्याचा निरोप आला आणि दानम्मा आली नाही. त्या दिवशी पार्वतम्मानं पिंजरा मागं-पुढं काही केला नाही, नुसती दोघांच्या मधे बसून राहिली. आणि तिच्या डोळ्यादेखत, नीलव्वा मिरची फोडतेय हे मान वाकडी करून बघत मल्लूनं आपली मिरची पायात धरली. तिखट कुणी खाल्लं आणि डोळ्यांत पाणी कुणाच्या आलं! त्यानंतर त्याच्या छातीवर बारीक हिरवी लव दिसायला लागली. श्रावण लागला तेव्हा दोघं एका दांडीवर होती.

पंचमीच्या आदल्या दिवशी दानम्मा आली. तिचे सासरे पंचाक्षरीअप्पा स्वतः पोचवायला आले होते. माणूस सज्जन, पण शिस्तीचा. तिसऱ्या दिवशी परत न्यायचं असं बसायच्या आधीच त्यांनी सांगितलं.

मल्लूला बघून दानम्मा लग्नानंतर पहिल्यांदा हसली असावी, असं ते हसू होतं. "कसं केलंस गं अव्वा?"

पार्वतम्मा स्वयंपाकघरात लाडवांचं ताट पुढं ठेवून सांगत गेली. दगडोबाचं न ऐकलेलं, अक्षता, रक्त, रोजची एक एक वीत. सांगता सांगता तिचं लक्ष गेलं. पोरीनं लाडवाला हात लावला नव्हता. खा म्हणण्याची वाट बघत बसली होती, स्वतःच्या आईच्या घरात. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

"खाती का न्हाईस तिकडं?"

"खाती," दानम्मा म्हणाली, आणि बांगड्या मागं सारत, "समदे चांगले हायेत गं अव्वा. मारत न्हाईत, बोलत न्हाईत. मलाच भ्याव वाटून राहतंय."

पार्वतम्मानं लेकीच्या हातात लाडू दिला. तिला स्वतःचाच राग आला. पाखरापायी दीड महिना वीत वीत मोजली, आणि पोटच्या पोरीला मी एका दुपारी अक्षता टाकून परक्या घरात ढकलून मोकळी झाले!

ती पदर सारखा करून ओसरीवर पंचाक्षरीअप्पांसमोर गेली. एरवी व्याह्यांशी ती दाराआडून बोलायची.

"इवाई, तुमच्या घरात खोट न्हाई. पन घाई झाली, तुमची बी अन् आमची बी. पोर दसऱ्यापत्तर हितंच ऱ्हाईल. मंग म्या संगं येईन, आठ दिस तिच्यापाशी ऱ्हाईन. पुढल्या बारीला चार दिस. पोर रुळंस्तोवर असंच."

पंचाक्षरीअप्पा सावरून बसले. "इहीनबाई, लेकीला मूल झाल्याबिगर तिच्या घरचं पानी बी आईनं पिऊ नये म्हन्तेत. तुमी आठ दिस ऱ्हानार कशा?"

"मी माझं पानी संगं आनीन."

"मुदखेडपत्तर? गाड्या बदलत?"

"हाव. सरलं तर टेसनावर जाऊन भरीन. तुमच्या आडाला हात लावनार न्हाई."

पंचाक्षरीअप्पांनी शेजारी बसलेल्या सिद्धलिंगअप्पांकडं बघितलं. तो दुकानदार माणूस आजवर कुठल्याही गिऱ्हाइकाला उलटून बोलला नव्हता, व्याह्याला तर नाहीच.

"घागर म्या उचलीन," सिद्धलिंगअप्पा म्हणाले.