झुंबरच्या नावानं बोलणारा प्रिंटर

द्वारका चौकाजवळच्या त्या दूध संघाच्या ऑफिसात सकाळपासून पाय ठेवायला जागा नव्हती. सायखेड्याहून टेम्पो भरून बायामाणसं आली होती. दूध घालायला आलेले शेतकरी किटल्या दारातच ठेवून आत घुसले होते. कॉम्प्युटरच्या काचेच्या खोलीत धूळ जाऊ नये म्हणून चपला बाहेर काढायचा नियम संघाचा कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या चांगुणानंच घातला होता. आता लोक तो देवळाचा नियम समजून पाळत होते.

आत टेबलावर नवा प्रिंटर. त्याला हार घातलेला, पुढ्यात नारळ. सतरंजीवर बिजलीनाथ महाराज बसले होते, हातात भलीमोठी घंटा.

"देह जळतो, पण प्राण इजेसारखा!" महाराज गरजले. "त्याला तांब्याची तार लागती. कालचे आत्मे पिंपळावर बसायचे, आजचे पिरंटरवर! वणीच्या आईची आज्ञाच हाय तशी."

"बोला, बिजलीनाथ महाराज की..."

"जय!"

महाराजांनी घंटा बडवली. मग कोणी हात न लावता प्रिंटर कर्रर्र करत चालू झाला. इंग्रजी अक्षरांत मराठी शब्द उमटले. समोर बसलेल्या मालनबाईनं एकेक अक्षर लावत वाचलं, "मालन... मी... इथंच... हाय." आणि पदर तोंडात कोंबून ती हमसून रडू लागली.

काचेबाहेर आपल्या टर्मिनलपाशी, म्हणजे कॉम्प्युटरला तारेनं जोडलेल्या पडद्या-कीबोर्डापाशी, चांगुणा उभी होती.

मालनबाईचा नवरा झुंबर याच ऑफिसात कारकून होता. संघानं युनिक्सचा, एकाच वेळी अनेकांना वापरता येणारा कॉम्प्युटर घेतला तेव्हा चांगुणानं सगळ्यात आधी त्यालाच टर्मिनल चालवायला शिकवलं होतं. द्वारकेच्या चौकात ट्रकनं त्याच्या सायकलीला उडवलं, त्यात तो गेला. त्याचं नाव यंत्रातून काढून टाकायला तिचा हात काही धजावला नव्हता.

दहाव्यानंतर हा प्रिंटर आला. चांगुणानं तो झुंबरच्या टर्मिनलच्या रिकाम्या तारेवर जोडला, आणि त्यातून अगम्य अक्षरांची खिचडी बाहेर पडली. कारण साधं होतं. कॉम्प्युटर ज्या वेगानं अक्षरं पाठवत होता, त्या वेगानं प्रिंटर ती वाचत नव्हता. दुसऱ्या दिवशी तिनं दोन्हीकडचा वेग सारखा केला. पण तोवर "झुंबरची तार बोलाया लागली" ही बातमी गावभर झाली होती. झुंबरचा धाकटा भाऊ कारभारी महाराजांना घेऊन आला, आणि अक्षरं सरळ झाली ती महाराजांच्या मंत्रानं, असंच सगळ्यांनी ठरवून टाकलं.

"वेगाचा दोष होता हो," ती संघाच्या साहेबांना सांगायला गेली.

"चांगुणाबाई, लोकांच्या भावना आहेत," साहेब म्हणाले.

महाराज तर स्पष्टच बोलले होते. "या बाईचा हात यंत्राला नको. शिवाशिव झाली की आत्मा येत नाय." शिवाशिव म्हणजे काय आणि कोणाची, हे तिथं कोणालाच समजावून सांगावं लागलं नाही. तिलाही नाही. साहेबांनी खाली मान घालून तिला काचेबाहेर बसायला सांगितलं होतं. तिनं जोडलेल्या यंत्रापासून तिलाच दूर केलं होतं.

आत पुन्हा घंटा वाजली. प्रिंटर चालू झाला. या वेळी कारभारीनंच मोठ्यानं वाचलं, "नोकरी कारभारीला दे. पोरींना तो सांभाळेल."

झुंबरच्या जागी घरातल्या एकाला संघ नोकरी देणार होता. मालनबाई दहावी झालेली. हक्क तिचाच होता.

"वहिनी, मी काय बोलू?" कारभारी डोळे पुसत म्हणाला. "दादाचीच इच्छा हाय."

मालनबाई साहेबांकडे वळली. "ते म्हणतात तर मग..."

चांगुणाच्या मनात एकदम आलं, घंटेआधी प्रिंटर कधीच का बोलत नाही? तिनं आपल्या टर्मिनलवर एक आज्ञा टाइप केली. या घडीला यंत्रावर कोण कोण काम करतंय, ते त्यावरून कळतं. पडद्यावर नावं आली आणि तिच्या अंगावर काटा उभा राहिला.

झुंबर.

मेलेला माणूस यंत्रावर बसला होता! तिनं डोळे मिटले, पुन्हा उघडले. नावापुढे टर्मिनल लिहिलं होतं, वरच्या मजल्यावरच्या स्टोअरचं. आत्म्याला जिना चढून स्टोअरमध्ये बसायची काय गरज?

ती खोलीत शिरली.

"ए बाई, भायेर!" महाराज ओरडले.

"मालनताई, एक करा," चांगुणा म्हणाली. "ते तुम्हाला घरी काय नावानं हाक मारायचे, ते विचारा. तुम्हा दोघांनाच ठाऊक असेल ते."

मालनबाईनं हात जोडले. "सांगा हो. मला तुमी काय म्हणायचा?"

महाराज घंटेला हात लावेनात. तेव्हा गर्दीतल्या एका म्हातारीनंच ती उचलून वाजवली. प्रिंटर करकरला. मालनबाईनं वाचलं, "महाराजांचं ऐक." तिच्या कपाळाला आठी पडली. "मी काय विचारलं, आन् हे काय?"

"ज्याला तुमचा प्रश्न ऐकूच आला नाही, तो काय सांगणार?" चांगुणा म्हणाली. "त्याला फक्त घंटा ऐकू येते. चला वर."

सगळी गर्दी जिना चढली. स्टोअर सांभाळणारा कारभारीचा मेहुणा सावळीराम तिथल्या टर्मिनलपुढे बसला होता. पुढची ओळ पडद्यावर अर्धी लिहून झाली होती. झुंबरचा परवलीचा शब्द, म्हणजे थोरल्या पोरीचं नाव, कारभारीनंच त्याला सांगितला होता.

"युनिक्समध्ये प्रिंटरला एक नाव असतं," चांगुणानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "ते ठाऊक असलं आणि वाट मोकळी असली, म्हणजे लिहायची परवानगी सगळ्यांना असली, की कुठल्याही टर्मिनलवरून त्यावर लिहिता येतं. वाट मीच घाईत मोकळी ठेवली होती." तिनं सावळीरामला उठवलं. "आजी, काय लिहू?"

"लिही, दुधात पाणी घालू नका!" म्हातारी म्हणाली.

खाली प्रिंटर करकरला. कोणीतरी धावत जाऊन कागद फाडून आणला. तेच शब्द! लोक हसले, मग शरमले. महाराज केव्हा सटकले, कळलंही नाही. घंटा मात्र राहिली.

"कोण बोललं, हे नंतर विचारा," चांगुणा म्हणाली. "आधी विचारा, बोलवतंय कोण, आणि त्यात त्याचा फायदा काय."

मालनबाई हसली नव्हती. जिन्यावर ती चांगुणासमोर थांबली.

"म्हणजे ते कुठंच नाय?"

चांगुणाला खोटं बोलता आलं असतं. "नाही, मालनताई."

"थोडे दिवस तरी वाटलं होतं मला, हायेत म्हणून. तेबी घेतलंस तू."

खाली साहेब प्रिंटरवरचा हार काढत होते, कोणाच्याही नजरेला नजर न देता.

मालनबाई दोन पायऱ्या उतरली, थबकली आणि वळली.

"नोकरी मीच करणार. उद्या येते. हे यंत्र मला शिकव, सगळं. माझ्या माणसाच्या नावानं पुन्हा कोणी बोललं, तर ते माझं मला कळलं पाहिजे."